पेटीतलं संत्रं, फोटोतलं संत्रं: कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर, सोमवार

संत्र्यांचे फोटो काढायचं काम पक्कं झालं. काटोलकडचा एक तरुण बागायतदार. आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या तोंडाला येणारी) संत्री पेटीत भरून थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पाठवतो. बगीचा तो बघतो, ऑर्डर आणि पैशांचा हिशोब वहिनी बघतात. गेल्या हंगामात मोबाइलवर काढलेले फोटो टाकले आणि तक्रारींचा पाऊस पडला. फोटोत फळ पिवळंधमक, पेटी उघडली की देठाकडे हिरवं. तो (मी त्याला भाऊच म्हणतो) म्हणाला, "दादा, माल खराब नोता. गोडच होता. पण लोकायले वाटलं आमी फसवलं."

त्याचं म्हणणं खरं आहे. आंबियाच्या पहिल्या तोड्याचं फळ आतून तयार असतं, पण साल मागे राहते. रात्री चांगल्या थंड झाल्याशिवाय सालीतलं हिरवं जात नाही आणि आपल्याकडे दिवाळी उलटली तरी कधीकधी रात्रीचा पंखा बंद होत नाही. नागपुरात राहणाऱ्याला हे माहीत असतं. हिरवट संत्रं आपण डोळे झाकून घेतो. पुण्यातल्या माणसाला ते कच्चं वाटतं.

त्यामुळे ठरवलं ते असं: प्रत्येक तोड्याचा वेगळा फोटो, त्याच तोड्याच्या फळांचा, एकाच उजेडात, एकाच सेटिंगवर. खाली तोडणीची तारीख आणि ब्रिक्सचा, म्हणजे रसाच्या गोडव्याचा, आकडा (भाऊकडे तो मोजायचं, हातात धरायचं रिफ्रॅक्टोमीटर आहे). इन्स्टाग्रामसाठीचे दवबिंदूवाले फोटो वेगळे काढू. त्यांची यात सरमिसळ करायची नाही, हे आधीच बोलून घेतलं.

कॅमेरा कॅननचा ८०डी, ५० एमएम लेन्स, ट्रायपॉड, ग्रे कार्ड (रंग जुळवायला लागणारं राखाडी कार्ड), थर्माकोलच्या दोन शीट. फ्लॅश गाडीत राहू दे.

५ नोव्हेंबर, बुधवार

बगिच्यात. सकाळी साडेआठला पोचलो, काटोल रोडला धुकं होतं, बगिच्यात नव्हतं.

झाडाखालचा उजेड दिसतो छान, पण फोटोला दगा देतो. वरून पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा, बाजूच्या फटीतून आभाळाचा निळा, आणि मधेच एखादा कवडसा थेट उन्हाचा. एका फळावर तीन उजेड. आपला डोळा हे सगळं मनातल्या मनात जुळवून घेतो, सेन्सर घेत नाही.

सेटिंग (लेन्सचं छिद्र, शटर, सेन्सरची संवेदनशीलता): एफ ५.६, १/१२५, आयएसओ ४००. ग्रे कार्ड फळाशेजारी धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घेतला, म्हणजे या उजेडात राखाडी कोणतं ते कॅमेऱ्याला दाखवलं. कार्ड राखाडी आलं, म्हणजे कॅमेऱ्यानं सांगितलं तेवढं केलं. पण फळाचा खालचा भाग अजून हिरवाच दिसत होता. फळ खुडून उन्हात नेलं तर खालून बऱ्यापैकी पिवळं. गोष्ट साधी आहे: कार्ड ज्या दिशेला तोंड करून असतं त्या दिशेचाच उजेड मोजतं. फळ गोल. त्याच्या बुडाला जमिनीवरच्या गवताचा आणि खालच्या फांद्यांचा हिरवा परत आलेला उजेड लागतो आणि तो कार्डानं पाहिलेलाच नसतो.

टिंटचा काटा मॅजेंटाकडे (हिरव्याच्या विरुद्ध, गुलाबी-जांभळ्याकडे) सरकवून ते हिरवं घालवता येतं. पण मग सालीचं खरं हिरवंही त्याच्याबरोबर जातं आणि फळ आठ-दहा दिवस जास्त पिकल्यासारखं दिसतं. नेमकं हेच टाळायला मला बोलावलंय.

फळाखाली थर्माकोल धरून पाहिलं. बुडाचं हिरवं बरंच निवळलं. पण फांदीवरच्या फळाखाली दर वेळी थर्माकोल धरायला माणूस कुठून आणणार? निर्णय: झाडावरचे फोटो फक्त बगिचा दाखवायला. रंगाचा फोटो खुडलेल्या फळाचा आणि घराजवळच्या मोकळ्या सावलीत.

येताना दुपारी सावजी. हात धुतले तरी बोटांना वास, सालीच्या तेलाचा आणि रश्श्याचा मिळून.

६ नोव्हेंबर

घरी, कॉम्प्युटरवर. कालच्या फोटोंत मुद्दाम एक जोडी काढून ठेवली होती: दोन कॅरेट (फळांचे क्रेट), एकात हिरवट फळं, दुसऱ्यात त्यातल्या त्यात पिवळी. जागा तीच, वेळ तीच, व्हाइट बॅलन्स ऑटो.

पडद्यावर दोन्ही कॅरेट जवळजवळ सारखी. हिरवटवाल्या फ्रेममध्ये कॅमेऱ्याला वाटलं उजेडच हिरवा आहे, त्यानं मॅजेंटा ओतला. पिवळ्यावाल्या फ्रेममध्ये त्याला वाटलं उजेड तांबूस आहे, त्यानं निळं ओतलं. फ्रेमभर एकच रंग असला की ऑटोला फळ कोणतं आणि उजेड कोणता हे कळायला जागाच उरत नाही. तो सगळ्यांना मधल्या रेषेवर आणून बसवतो. घरच्या वाढदिवसाच्या फोटोंना ऑटो उत्तम आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण ज्या फोटोंचा उद्देशच "हे याच्यापेक्षा हिरवं आहे" असं सांगण्याचा, तिथे प्रत्येक फ्रेमला वेगळा व्हाइट बॅलन्स म्हणजे दर गिऱ्हाइकाला वेगळा तराजू.

रॉमध्ये (रंग पक्के न केलेली कच्ची फाइल) काढलंय, त्यामुळे दोन्ही फ्रेमना एकच आकडा लावून बघितलं. फरक लगेच वर आला.

८ नोव्हेंबर, शनिवार

जागा सापडली. भाऊच्या घराची उत्तरेकडची ओसरी. ऊन थेट येत नाही, समोर अंगण मोकळं, वर आभाळ. सकाळी साडेनऊ ते अकरा उजेड जवळपास हलत नाही. अडचण एकच, ओसरीची बाजूची भिंत पोपटी.

वहिनींनी लगेच पांढरी चादर काढून दिली. टांगली, फोटो काढला, सावलीची बाजू निळसर. चादर नीळ घालून धुतलेली. शिवाय धुण्याच्या पावडरमध्ये अशी द्रव्यं असतात जी अतिनील किरणं खाऊन निळा उजेड बाहेर टाकतात, म्हणून तर कपडा पांढऱ्याहून पांढरा दिसतो. चादर घडी करून परत दिली, भिंतीला थर्माकोल टेकवलं.

तीच भानगड कागदाची. पुष्कळ जण ग्रे कार्डाऐवजी प्रिंटरचा ए-४ कागद धरतात. काम भागतं, पण त्या कागदातही तीच चमक आणणारी द्रव्यं असतात, म्हणून दिवसाच्या उजेडात तो किंचित निळा असतो. कॅमेऱ्याला सांगितलं की हा निळा म्हणजेच पांढरा, की कॅमेरा सगळा फोटो पिवळ्याकडे झुकवतो. लग्नाच्या फोटोत हे कुणाच्या लक्षात येत नाही, उलट चेहरे गोड दिसतात. आमच्या कामात मात्र संत्रं फुकटात पिकतं. शेजारी-शेजारी काढून भाऊला दाखवलं. कागदावरून घेतलेल्या व्हाइट बॅलन्सचा फोटो त्याला जास्त आवडला. साहजिक आहे.

कस्टम व्हाइट बॅलन्सची पद्धत लिहून ठेवतो, कारण वहिनींना शिकवायची आहे. कार्ड फळाच्या जागी ठेवायचं, फ्रेमच्या मधला भाग कार्डानं भरायचा, फोटो काढायचा. मेनूत कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये जाऊन तो फोटो निवडायचा. आणि मग (इथेच बहुतेक जण थांबतात) व्हाइट बॅलन्सच्या यादीतून कस्टमचं चिन्हही निवडायचं. नुसता फोटो निवडला आणि चिन्ह ऑटोवरच राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात.

आजचं: एफ ८, १/६०, आयएसओ १००, ट्रायपॉड. कार्डावर क्लिक केल्यावर सॉफ्टवेअर ६१०० केल्व्हिनच्या आसपास सांगतंय (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप: उजेड जेवढा निळा तेवढा आकडा मोठा, आणि मोठा आकडा लावला की फोटो पिवळ्याकडे झुकतो). मोकळ्या सावलीला आभाळाचा निळा उजेड असतो, त्यामुळे उन्हाच्या ५२००च्या वर जाणार हे अपेक्षितच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कळमना, नागपूरचा मोठा मार्केट यार्ड. पेटीत न बसणारा बारका माल भाऊ इथे आणतो, त्याला विक्रीच्या ऑनलाइन पानासाठी बाजाराचे दोन फोटो हवे होते. सकाळी लिलाव चालू, संत्र्यांचे ढीग, मधून फिरणारे अडत्ये, हमालांच्या आरोळ्या. "अरे ओ कॅमेरेवाले भाऊ, साइड हो जा!" नागपूरच्या बाजारात हिंदीच चालते, उत्तरही हिंदीतच देतो आपण.

शेडच्या तोंडाशी ऊन, आत ट्यूब आणि एलईडी. ढिगाची बाहेरची बाजू उन्हाच्या रंगाची, आतली बाजू ट्यूबच्या. इथे व्हाइट बॅलन्सचा कोणताही आकडा बरोबर नाही. एक बाजू धरली की दुसरी सुटते. ज्याला फोटोत महत्त्व त्याचा रंग धरायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं. मी उन्हाची बाजू धरली, ५२००. आतले चेहरे हिरवट आले. ते मागे, धूसर आहेत, चालतं.

शटर १/१००. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/५०० ठेवलं तर प्रत्येक फोटोत उजेड वेगळा, कधी अर्ध्या फ्रेममध्ये काळसर पट्टा. १/१०० वर एक, १/५० वर दोन पूर्ण फेरे सेन्सरवर उमटतात आणि भानगड मिटते. आयएसओ ८००, एफ ४.

रंगाचे फोटो इथे काढायचे नाहीत, हे सांगायची गरज नव्हती. भाऊ स्वतःच म्हणाला, "इथं तर समदंच सारखं दिसून राहिलं."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचा दिवस एक्स्पोजरचा, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा त्याचा. सविस्तर लिहितो, कारण या कामातली सगळ्यात फसवी गोष्ट आज हाती लागली.

पांढऱ्या ड्रॉइंग शीटवर पाच फळं. कॅमेऱ्याच्या मीटरवर सोडलं तर शीट राखाडी आणि फळं मळकट. मीटरला पुढ्यात काय आहे ते ठाऊक नसतं. जे दिसेल त्याची सरासरी मधल्या राखाडीवर आणायची, एवढाच त्याचा धंदा. फ्रेमभर पांढरं असलं की तो अंधार करतो, काळं असलं की उजळतो. म्हणून पांढऱ्यावर मीटरपेक्षा +१ ते +१⅓ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त द्यावंच लागतं. दिलं. शीट पांढरी झाली.

आणि फळं बिघडली.

हिस्टोग्राम बघितला (फोटोतले गडद ते उजळ भाग डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख), उजेडाचा, तो एकाच रंगात दिसणारा. डोंगर व्यवस्थित, उजव्या भिंतीला टेकलेला नाही. लुकलुकणारा इशाराही नाही. तरी जे फळ त्यातल्या त्यात पिकलेलं, त्याच्या उजळ बाजूची साल सपाट दिसत होती, रंगाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखी. संत्र्याच्या सालीवर जे बारीक खड्डे असतात, तेलाच्या ग्रंथींचे, ते त्या भागात नाहीसे. देठाजवळच्या हिरवट वलयात ते स्पष्ट दिसतात, बोटाच्या पेराएवढं खाली आलं की पुसट, आणि जिथे केशरी गडद होतो तिथे गायब. झूम करून बघितलं तर फोकस पक्का होता.

हिस्टोग्राम लाल-हिरवा-निळा असा तीन रंगांत लावला आणि चोर सापडला. लाल उजवीकडच्या भिंतीवर चढून बसलेला. हिरवा मध्यात, निळा पार डावीकडे. केशरी रंगात लाल एवढा जास्त आणि निळा एवढा कमी असतो की तिघांची मिळून सरासरी साळसूद दिसते. लालनं भिंत गाठली की पुढचा उजेड तो नोंदवतच नाही. त्या भागात पोत संपतो. शिवाय लाल अडकलेला आणि हिरवा मात्र अजून वाढतोय, त्यामुळे रंगच केशरीकडून पिवळ्याकडे सरकतो. म्हणजे जास्त एक्स्पोज केलेलं पिकलं संत्रं फोटोत कमी पिकलेलं दिसतं! दोन वेगवेगळ्या तोड्यांतला फरक यानंही पुसला जातो.

उपाय, ज्या क्रमानं केले त्या क्रमानं. कॅमेऱ्याची पिक्चर स्टाइल स्टँडर्डवरून न्यूट्रलवर आणली. आपण रॉ काढत असलो तरी मागच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम कॅमेऱ्यानं मनात बनवलेल्या जेपेगचा असतो, आणि स्टँडर्ड स्टाइल कॉन्ट्रास्ट आणि रंग वाढवून लालला लवकर भिंतीला नेते. व्हाइट बॅलन्सचंही तसंच: तो रॉच्या आकड्यांना हात लावत नाही, पण हिस्टोग्राम बदलतो. ६१०० ऐवजी ७००० ठेवलं की लालचा डोंगर आणखी उजवीकडे. म्हणून आधी व्हाइट बॅलन्स, मग एक्स्पोजर. उलट क्रमानं केलं तर एक्स्पोजर पुन्हा करावं लागतं.

मग पांढरी शीट काढून टाकली. मधल्या राखाडी रंगाचं जाड कार्डशीट आणलं (सीताबर्डीवर स्टेशनरीच्या दुकानात मिळतं, नाव "स्लेट ग्रे", फार गडद घेऊ नये). पांढऱ्याला पांढरं ठेवायला एक्स्पोजर चढवावं लागत होतं आणि लालला वाचवायला उतरवावं लागत होतं. ती ओढाताणच संपली. शिवाय पांढऱ्यावरून परतणारा उजेड सालीवर पडून रंग धुवून काढत होता, तोही थांबला.

शेवटचं सेटिंग, मॅन्युअल: एफ ८, १/८०, आयएसओ १००. सगळ्यात पिकलेल्या फळाचा लाल भिंतीच्या अलीकडे थांबतो. खड्डे दिसतात.

सालीवरची चमक उरते. मेण न लावलेल्या फळालाही स्वतःची चमक असतेच. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावून पाहिला, दीडेक स्टॉप उजेड खातो, पण चमक उतरली की खालचा खरा रंग वर येतो. फार फिरवला तर फळ प्लॅस्टिकसारखं मेलेलं दिसतं. अर्धवटच ठेवला. शटर १/३०.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वाद.

भाऊनं फोटो बघितले आणि तोंड वाकडं केलं. "दादा, हे तर लईच हिरवं दिसते. थोडं वाढवून द्या नं." लॅपटॉपवर मी केल्व्हिनचा काटा ६१०० वरून ६८०० वर नेऊन दाखवला. फळ खुललं. "हाच ठेवा!"

वहिनी आतून आल्या. त्यांनी काही न बोलता फोटोतलं तेच फळ उचलून (देठाला पान असलेलं, ओळखू येत होतं) खिडकीशी लॅपटॉपच्या पडद्याला लावून धरलं. म्हणाल्या, "फोन मी उचलते. शिव्या मले पडते. तुमी फोटो पाहता निस्ता."

काटा परत ६१०० वर.

भाऊचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, हे मात्र इथे लिहून ठेवतो. दुकानातला माणूस फळ हातात घेतो, वास घेतो, एक सोलून खातो. पडद्यावर ते काहीच नाही, सगळा भार रंगावर. हिरवट फळाचा इमानदार फोटो एकटा टाकला तर गिऱ्हाईक पळेलच. म्हणून मी सुचवलं: त्याच फळाचा आडवा कापलेला अर्धा भाग शेजारी ठेवू. साल हिरवट, आत फोडी रसानं फुगलेल्या, गडद केशरी. एकाच फ्रेममध्ये, एकाच सेटिंगवर. वर ब्रिक्सचा आकडा. खोटं काही नाही आणि सांगायचं ते सगळं सांगून होतं. हे दोघांनाही पटलं.

कापलेल्या फळाला एक नवीन अडचण: ओल्या फोडींवर आभाळाचं प्रतिबिंब, ठिपके ठिपके पांढरे. कापल्यावर दोन मिनिटं थांबून टिपकागदानं हलकेच टिपलं. जास्त थांबलं तर कडा सुकते.

१८ नोव्हेंबर

ढगाळ. गेलो नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पडद्यांचा घोळ. माझ्या कॅलिब्रेट केलेल्या मॉनिटरवर रंग बरोबर. वहिनींच्या फोनवर तेच फोटो भडक, कारण डिस्प्ले "व्हिव्हिड" वर. भाऊच्या फोनवर पिवळे, कारण त्यानं डोळ्यांना त्रास नको म्हणून रात्रीचा फिल्टर लावून ठेवलेला, दिवसाही काढत नाही. गिऱ्हाइकाचा फोन तर आपल्या हातात नाहीच.

दोन गोष्टी करता येतात. फाइल एसआरजीबीत (बहुतेक पडदे जी धरून चालतात ती रंगपद्धत) द्यायची. अ‍ॅडोबी आरजीबीत दिली तर बऱ्याच ठिकाणी फिकी पडते. आणि फोटोत ओळखीची वस्तू ठेवायची. पांढरी स्टीलच्या कडेची चिनीमातीची वाटी आणि संत्र्याचं ताजं पान. वाटी फोनवर पिवळी दिसली तर बघणाऱ्याचा डोळा आपोआप समजून घेतो की आज सगळंच पिवळं आहे. पान कसं हिरवं असतं हे माणसाला माहीत असतं, सालीचं हिरवं त्यापेक्षा किती कमी हे त्याला तुलनेनं कळतं. ग्रे कार्ड गिऱ्हाइकाला दाखवून उपयोग नाही, वाटी दाखवून आहे.

वाटी जरा मागे सरकवली, नाहीतर तिचं पांढरं पुन्हा मीटरशी खेळ करतं. मॅन्युअलवर असलो तरी मीटरकडे बघायची सवय जात नाही.

१ डिसेंबर, सोमवार

पुढचा तोडा. मधल्या आठवड्यात रात्री गार झाल्या, काटोलकडे शेकोट्या पेटल्या. फळ बदललं. देठाजवळचं वलय चवलीएवढं उरलंय, बाकी पिवळं-केशरी.

तीच ओसरी, तीच वेळ, तेच कार्डशीट. सूर्य दक्षिणेकडे आणखी सरकलाय, उत्तरेच्या ओसरीत उजेड किंचित कमी. १/३० ऐवजी १/२५ करावं लागलं. ग्रे कार्ड पुन्हा घेतलं: ६२५०च्या आसपास. मागचे ६१०० तसेच ठेवावेत का, हा प्रश्न होता. नाही. सारखा राहायला हवा तो कार्डाचा राखाडी, केल्व्हिनचा आकडा नव्हे. उजेड बदलला की आकडा बदलणारच.

दोन्ही तोड्यांचे फोटो शेजारी ठेवले. एक हिरवट, एक केशरी, वाटी दोन्हींत सारखी पांढरी, पान दोन्हींत सारखं हिरवं. या कामात मला जे हवं होतं ते या जोडीत आहे. भाऊ म्हणाला, "आता पयल्या तोड्याचाबी भाव सांगता येते, अन् दुसऱ्याचाबी." वहिनींनी विक्रीच्या ऑनलाइन पानावर दोन्ही तोडे वेगळे टाकले, हिरवटाचा भाव थोडा कमी ठेवला. हिरवटालाही ऑर्डर आल्या. काहींनी मुद्दाम तोच मागितला, जास्त दिवस टिकतो म्हणून.

पेटीवर छापायच्या मजकुरात "नागपूर संत्रा" आहे, २०१४ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा उल्लेखही. ते मानांकन वापरायला शेतकऱ्याची स्वतःची नोंदणी लागते, ती झाली आहे का हे छापण्याआधी बघायला भाऊला सांगितलं. माझं काम नाही, पण पेटीवर माझा फोटो आहे.

१० डिसेंबर, बुधवार

विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते अडवलेले, शहर ओलांडायलाच पाऊण तास. आज वहिनींच्या संत्रा बर्फीचे फोटो, माझ्या घरी.

वर्ख लावलेली बर्फी म्हणजे छोटे छोटे आरसे. प्रत्येक वडीत खोलीच दिसते: खिडकी, छताचा एलईडी, माझा शर्ट. छताचा दिवा आधी बंद केला. तो ६५००चा असला आणि खिडकीच्या उजेडाशी आकड्यानं जुळत असला तरी स्वस्त एलईडीत गडद लाल कमी असतो, त्यामुळे केशरी पदार्थ त्याखाली आजारी दिसतो. केल्व्हिन जुळवून ती उणीव भरत नाही. उजेडात जो रंगच नाही तो सेन्सर आणणार कुठून.

मग खिडकीवर पातळ पांढरं कापड आणि समोरून थर्माकोल, म्हणजे वर्खात आरशासारखा एकसंध पांढरा पट्टा पडतो. एफ ८, १/४, आयएसओ १००. स्पॉट मीटर (एकाच ठिपक्याचा उजेड मोजणारा) वर्खावर नाही, बर्फीच्या कडेवर धरला. वर्खाच्या दोन-चार सुरकुत्या पूर्ण पांढऱ्या गेल्या, त्या जाऊ दिल्या. वर्ख चमकलाच पाहिजे. त्याला वाचवायला एक्स्पोजर उतरवलं तर बर्फी शिळी दिसते.

एक वडी खाल्ली. दुसरी फोटोत होती म्हणून थांबलो, फोटो संपल्यावर तीही.

१५ डिसेंबर, सोमवार

हस्तांतर. जानेवारीपर्यंतचे उरलेले तोडे वहिनी स्वतः काढणार, फोनवर. दर तोड्याला मी काटोलला जाणं त्यांना परवडणारं नाही आणि मला वेळेत जमणारं नाही.

फोनच्या प्रो मोडमध्ये आयएसओ, शटर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हातानं ठेवता येतात. अ‍ॅपर्चर हलत नाही, हरकत नाही. माझा ६२५० त्यांच्या फोनवर टाकला तर फोटो पिवळा आला. दोन यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नसतं. मग आकडा विसरून ग्रे कार्डाकडे बघत काटा सरकवला, कार्ड राखाडी दिसलं तिथे थांबलो: ५६००. त्यांच्या फोनसाठी सध्याचा आकडा तो. एचडीआर आणि "सीन ऑप्टिमायझर" बंद. फोनला फळं ओळखू आली की तो मायेनं रंग चढवतो.

ओसरीत खांबाला कागद चिकटवला: फोन स्टँडवर, वेळ साडेनऊ ते अकरा, भिंतीला थर्माकोल, ओसरीतला दिवा बंद, आधी कार्ड मग फळ, वाटी मागे, पान पुढे. रात्रीचा फिल्टर काढून मगच फोटो तपासायचा. फेब्रुवारीत मृग बहाराची फळं येतील तेव्हा सूर्य वर सरकलेला असेल, तेव्हा मी एकदा येऊन काटा पुन्हा लावून देईन. तेवढं बोलणीत धरलंय.

१९ डिसेंबर, शुक्रवार

वहिनींचा पहिला फोटो आला. व्हाइट बॅलन्स ठीक, लाल शाबूत, खड्डे दिसतात. डाव्या कोपऱ्यात निळ्या कॅरेटची कड आली आहे आणि त्याची निळी झाक पहिल्या फळावर पडली आहे. कळवलं. उत्तर आलं, "कॅरेट हालवली. पण कार्डावर पोट्ट्यानं स्केचपेननं बैल काढला, चालते का?"

मागच्या बाजूनं वापरा म्हटलं. नवीन कार्ड कुरिअर करतोय.